भाताचा शंख

पोशाची होडी किनाऱ्याला लागण्याआधी त्याचा शंख वाजायचा. तो ऐकला की आळीतली मांजरं पुळणीवर धावत आणि त्याची बायको शकू भात चढवी. लग्नापासूनची सवय होती. विचार मागून येई, हात आधी चालत.

एकदा असं वादळ आलं की रेवसला मुंबईची बोटसुद्धा लागली नाही. पोशा एकटाच दर्यावर होता. शकूनं चूल पेटवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंख वाजला. मांजरं धावली. शकूनं रडतरडत तांदूळ धुतले.

पोशा आला, भिजलेला पण धडधाकट. त्यानं पहिला घास घेतला तेव्हा तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"शंख ऐकला नि जीवात जीव आला," ती म्हणाली.

"शंख कुठला? तो तं कालच दर्यात गेला."

शकू हसली. "जाऊ दे. तू आलास ना."

तेवढ्यात समुद्राकडून शंख वाजला. तसाच, शेवटी किंचित फाटणारा. पोशाच्या ताटाशी बसलेली मांजरं मासळी टाकून पुळणीकडे पळाली.

पोशानं शकूकडे पाहिलं. तिचे हात तांदूळ धुवत होते.