एकाच ट्यूनरचं कार्ड

“दोन ट्यूनरचं घ्या, साहेब. घरातली भांडणंच मिटतील,” दुकानदार म्हणाला, आणि साहेबांनी हातातलं, संगणकावर टीव्ही दाखवणारं ते कार्ड निखारा लागल्यासारखं काउंटरवर ठेवून दिलं.

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाला कळलेलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. संगणक बारा वर्षांचा. आत कार्ड खोचायला स्लॉट एकच मोकळा. एका ट्यूनरचं साधं कार्ड बसवलं तर चित्राचा सगळा भार त्या म्हाताऱ्या प्रोसेसरवर पडणार आणि चित्र अडखळणार. हे दुसरं कार्ड आपलं काम आपणच करतं. वर त्यात ट्यूनर दोन, म्हणजे एकाच वेळी दोन वाहिन्या पकडणार.

“म्हणजे असं बघा, काकू साडेसातची मालिका बघतील, आणि त्याच वेळी तुमची कुस्ती आपोआप रेकॉर्ड होईल. तुम्ही सकाळी निवांत बघा. कुणी कुणाशी बोलायलाच नको!”

“तेच तर,” साहेब पुटपुटले.

साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू उलटेपालटे केले. लांबून त्यांची टोपी दिसली की पारड्यातले कांदे आपोआप पावशेरने वाढत, असं म्हणत. अशा माणसाने डोळ्यांदेखत कमी माप पदरात का पाडून घ्यावं, हे दुकानदाराच्या डोक्यात शिरेना.

घरचा टीव्ही जळून आज एकोणीस दिवस झाले होते, हे त्याला कुठे ठाऊक होतं?

त्या टीव्हीवरून नवरा-बायको एकतीस वर्षं भांडले. रोज साडेसातला. त्यांना कुस्ती, तिला मालिका. खेचाखेचीत रिमोटवरचे आकडे कधीच पुसले गेले होते. समोरचा न्हावी त्यांच्या आवाजावर दुकान बंद करी. एकदा दोघं परगावी गेले, तर त्याला वेळेचं भान राहिलं नाही आणि एकच गिऱ्हाईक तो पहाटेपर्यंत भादरत बसला, असं गल्लीत अजून सांगतात.

“तुमच्या त्या चड्डीतल्या रेड्यांना काही लाजलज्जा आहे का?” ती विचारी.

“तुझी ती सून सहा महिने जिना उतरतेय, अजून खाली पोचली नाही!” ते म्हणत.

मग तिच्या माहेरचा उद्धार, मग त्यांच्या घोरण्याचा. साडेआठला साहेब अगदी ताजेतवाने होऊन जेवायला बसत.

टीव्ही गेला आणि घरात काही बोलायलाच उरलं नाही. साहेबांनी सवयीने मोजलं. दिवसभरात बायकोच्या तोंडून एकवीस शब्द, त्यातले सात नुसते “हं”. आज उकडतंय म्हटलं, “हं.” शेजाऱ्याने गाडी घेतली म्हटलं, “हं.” दहाव्या दिवसापासून तर ती शिवणयंत्रावर बसल्या बसल्या एकटीच गुणगुणायला लागली. हे लक्षण काही बरं नाही, असं साहेबांनी निदान केलं.

नवा टीव्ही घ्यायचा तर परगावच्या मुलीला विचारावं लागणार, आणि तिचा एक सल्ला महिनाभर चालतो. त्यापेक्षा तिने मागे ठेवलेला संगणक बरा. त्यावर गाणी, सिनेमे, फोटो चालतच होते. एक कार्ड बसवलं की आज संध्याकाळीच टीव्ही. बोलणं परत यायचं तर भांडण परत यायला हवं, आणि भांडायचं तर एका वेळी एकच वाहिनी दिसायला हवी. हिशेब सरळ होता.

“एकाच ट्यूनरचं द्या,” साहेब म्हणाले.

“अहो, किंमत जवळपास तीच आहे! तुमच्यासारख्या माणसाने...”

“एका वेळी एकच दिसतं ना? नक्की? मागच्या मागे दुसरं काही रेकॉर्ड होत नाही ना?”

“नाही हो. एक बघायचं तर दुसरं सोडायचं.”

“मग हेच. बांधा.”

दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि मग त्याच हाताने कार्ड बांधून दिलं.

दुपारभर साहेब संगणकाच्या पोटात डोकं घालून बसले. बाहेर आले तेव्हा भुवयांवर बारा वर्षांची धूळ होती. केबल जोडली, वाहिन्या शोधून झाल्या. चित्र खरंच अडखळत होतं. पैलवान हवेत उडे, आणि आता पडावं की नाही याचा विचार करत क्षणभर तिथेच थांबे. साहेबांना त्याचं काय! साडेसातला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी आवाज मुद्दाम चढवला, नवा रिमोट मांडीखाली न दडपता तिच्या हाताला येईल असा ठेवला, आणि छाती भरून तयारीत बसले.

आतलं शिवणयंत्र थांबलं. ती दारात आली.

“आधीच सांगून ठेवतो,” साहेब गरजले, “मी कुस्तीच बघणार!”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग पुढे आली. रिमोट उचलला. साहेबांचे डोळे चमकले. तिने आवाज पार बंद केला. पैलवान मुकाट आपटला.

“अहो,” ती म्हणाली, इतकं हळू की साहेबांना पुढे वाकावं लागलं, “एकतीस वर्षांत मला हे एवढे एकोणीस दिवस मिळाले. दुकानवाला हे परत घेईल का?”