सखुबाईंची अगरबत्ती

मी जुन्या बंदुकांवर व्याख्यानं देतो, म्हणून मोहन्याच्या पंढरीशेठनी दसऱ्याला घरची तोड्याची बंदूक दाखवायला बोलावलं. डायनिंग टेबलावर हार घालून ठेवली होती. त्यांच्या पत्नी सखुबाईंनी पेटती अगरबत्ती थेट बंदुकीच्या घोड्यात खोचली.

"वहिनी, तोडा म्हणजे पेटती वात तिथंच लावायचे," मी सुरू झालो. "चाप ओढला की घोडा खाली झुकतो, दारू पेटते आणि बार उडतो."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हातांनी चाप ओढला. गंजून दगड झाला होता. दारूचा कणही नव्हता. निर्धास्त होऊन मी नळीसमोरच्या सोफ्यावर बसलो.

मागच्या भिंतीवर ओळीनं पाच कॅलेंडरं होती, पाच जुन्या वर्षांची, सगळी दसऱ्याच्या महिन्यावर थांबलेली. एक उचलून पाहिलं. मागं अंगठा जाईल एवढं भोक होतं. सहावी जागा कोरी होती, नेमकी माझ्या डोक्यामागं.

पंढरीशेठ स्वयंपाकघरातून यंदाचं कॅलेंडर आणि खिळा घेऊन आले.

"सर, इकरं सरका जरा," सखुबाई शांतपणे म्हणाल्या.

टेबलाजवळ कोणीच नव्हतं. अगरबत्ती हळूहळू खाली झुकत होती.