मोकळा सोडलेला पुढारी

मस्तगडातले कापसाचे व्यापारी गुरुलिंगअप्पा निजामाविरुद्धच्या चळवळीत उतरले आणि सत्तेचाळीसच्या ऑगस्टात त्यांनी भर चौकात तिरंगा फडकावला. त्यांच्यामागं उभ्या असलेल्या सगळ्यांना पोलिसांनी धरून नेलं. अप्पांना मात्र कुणी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून चौकीत गेले. "झेंडा मी लावला. मंग मलाबी आत टाका."

चौकीचे फौजदार असलेल्या अमीनसाहेबांनी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली, चहा मागवला. बाहेर पकडलेल्यांच्या बायका भाकरी घेऊन उभ्या होत्या.

"आरामात बसा, अप्पा. त्या बघून राह्यल्या," अमीन म्हणाले. "आत टाकलं तर तुम्ही पुढारी व्हाल.

 

बाहेर ठेवलं, तर त्याच तुम्हाला खबऱ्या म्हणतील."