सात पोती टरफलं

फरगण्यातल्या आमच्या फुटबॉल स्टेडियमच्या पायऱ्या मी तीस वर्षं झाडतेय. इथे सामना बघताना सगळे सूर्यफुलाच्या बिया सोलतात. हजार माणसांमागे पोतंभर टरफलं, हा माझा हिशेब. मागच्या रविवारी भोंग्यावरून सांगितलं, "प्रेक्षक नऊशे." मी पोती भरली सात. क्लबचे संचालक शुहरत अका, म्हणजे शुहरतदादा, म्हणाले, "प्रेक्षकच नाहीत, आपा. तिकिटांची कमाई कुठून? संघ मोडावा लागेल." मी पोत्यांकडे बोट दाखवलं. "नऊशेंनी एवढं खाल्लं? माणसं होती की पोपट?" ते हसले. "हल्ली लोक फार खातात." "लोकच ना, अका?" त्यांचं हसू मावळलं. आज फाटकावर पाटी लागली: बिया आणण्यास सक्त मनाई. पहारेकऱ्यांनी खिशाखिशांतून पुड्या काढून घेतल्या. भोंग्यावरून पुन्हा नऊशेच. जप्त पुड्यांची आठ पोती मी ओढत शुहरत अकांच्या दारात नेली. "आता हे कोण खाणार, अका?"