एकट्याला पेलणारी मशीन

साठी उलटल्यावर पाचूबंदरच्या हिराजीकाकांनी वल्ही सोडून होडीला मशीन बसवायचं ठरवलं. दुकानदारानं होडीची लांबी विचारली आणि पंधरा हॉर्सपॉवरची मशीन पुढे केली.

"रोज होडीवरनं काढून घरी न्यावी लागंल. वजन किती?" काकांनी विचारलं.

"चाळीस किलो. दोघं मिळून आरामात उचलाल."

"त्याच्यापेक्षा बारकी दाखव."

दुकानदारानं पाच हॉर्सपॉवरची दाखवली, पण त्यालाच ते पटेना. "काका, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जोर असतो. तिथं ही कमी पडेल. जिवाशी खेळ आहे."

"त्या पान्यात चाळीस वर्षं काढली मी. म्हाईत हाय."

काकांनी ती मशीन खांद्यावर घेतली, दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. धाप लागली होती, पण तोल गेला नव्हता.

"हीच दे."

"मुलंबाळं नाहीत का, काका?" दुकानदारानं हळूच विचारलं.

"हायेत ना. तिघं. इथंच विरारला ऱ्हातात," काका म्हणाले. "सगळ्यात मोठी मशीन घ्या म्हनून पैसे त्यांनीच पाठवलेत."