मैत्रिणीची मच्छरदाणी

देव मोठ्या संकटाची चाहूल आधीच देतो, असं धर्मप्रचारक दर रविवारी सांगायचा. त्याच्या बायकोला ती मैत्रिणीच्या पिशवीतून मिळाली. महिन्याभरात दोन्ही कुटुंबं मायदेशी परतणार होती. तिथे बर्फ पडत होता, म्हणून ऐन डिसेंबरात रणरणत्या समुद्रकिनाऱ्यावर ती घाम पुसत लेकीचा लोकरी स्वेटर विणत होती. मैत्रिणीने तिच्या मांडीवर मच्छरदाणी ठेवली. जाणाऱ्याने राहणाऱ्याला आपलं सामान द्यायचं, ही मिशनची रीत. "अगं, मला कशाला? आम्हीपण निघालोय." "भावजींनी आणखी पाच वर्षं मागून घेतली ना?" तिने वळून पाहिलं. पोहता न येणारा नवरा घाईघाईने कमरेएवढ्या पाण्यात शिरला होता. "अहो!" "देवाची इच्छा!" तो ओरडला. "आणि माझी?" ती किंचाळली. तो आणखी दोन पावलं आत सरकला. तिने स्वेटर उसवला आणि मच्छरदाणीची भोकं बुजवायला घेतली. लोकर पुरली नाही.