बाळसं

शाल्मलीचे बाबा वैद्य, त्यांचं दम्यावरचं चूर्ण तालुकाभर नावाजलेलं. त्यात कोणती वेल असते हे शोधण्यासाठीच ती औषधी वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळली होती. बाबा दर पावसाळ्यात एकटेच आंबोलीच्या रानात जायचे. वेलीचं नाव विचारलं की नुसते हसायचे.

आज तिनं चिमूटभर चूर्ण प्रयोगशाळेत तपासलं. त्यात ना पान, ना मूळ, ना साल. नुसता मैदा, आणि त्यात खललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या!

तेवढ्यात बाबांचाच फोन आला. "काय गं, लागला का आमच्या वेलीचा पत्ता?"

तिचा हात आपसूक गालावर गेला. लहानपणी तिलाही दमा होता. त्या चूर्णानं तिचे गाल टम्म सुजले होते, आणि ते ओढून बाबा प्रत्येक रोग्याला सांगायचे, "बघा, माझ्या पोरीनं कसं बाळसं धरलंय!"